लढाईनंतरची रात्र आणि बाजारबुणगे

(शिरूर येथे शिरूर व दौंड तालुक्यांतील शेतकरी व कारागीर मंडळींपुढे झालेले व्याख्यान)



लढाईवर बोलणारे वक्ते आपण पुष्कळ ऐकले आहेत. कोण सरदार कोठे उभा होता, कोणी किती माणसे कापली, हे आपल्या पोरासोरांनाही पाठ असते. मी आज लढाई सरल्यानंतरच्या रात्रीविषयी बोलणार आहे. तोफा थंडावल्या म्हणजे मैदानात जी माणसे कण्हत पडलेली असतात, त्यांना पाणी कोण पाजतो? त्यांच्या जखमा कोण धुतो? त्यांना खांद्यावर घेऊन दवाखान्यापर्यंत कोण नेतो? आणि हे सर्व करणाऱ्याच्या पदरात शेवटी काय पडते? एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी आपल्या मुलखात व मुलखाबाहेर ज्या लढाया केल्या, त्यांतील या सेवेचा हिशेब मांडून पाहू. आपण खळ्यावर पायलीपायलीचा हिशेब ठेवणारी माणसे आहोत, तेव्हा हा हिशेबही आपल्याला कळण्यासारखा आहे.

दाखला शोधायला लांब जायला नको. १८१७ सालच्या ३१ डिसेंबरच्या रात्री याच शिरूरच्या छावणीतून कॅप्टन स्टॉन्टन नावाचा अंमलदार पुण्याच्या मदतीसाठी निघाला. त्याच्याबरोबर मुंबईच्या पहिल्या पलटणीच्या दुसऱ्या बटालियनचे सुमारे ५०० पायदळ, सुमारे ३०० घोडेस्वार आणि दोन तोफा होत्या. रात्रभर चालून १ जानेवारी १८१८ रोजी सकाळी ही माणसे भीमेकाठी कोरेगावाजवळ पोहोचली, तो समोर बाजीराव पेशव्याची मोठी फौज. पुढे दिवसभर जी लढाई झाली ती तुम्हाला ठाऊक आहे. त्या पलटणीत महार शिपाई मोठ्या संख्येने होते आणि इतर जातींचेही होते. तेथील जयस्तंभावर त्यांची नावे कोरलेली आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले, आणि आज दरवर्षी लाखो लोक त्या स्तंभाला वंदन करतात. त्या शौर्याला माझाही नमस्कार आहे.

आता त्याच दिवसाची दुसरी बाजू पाहा. रात्रभर चाललेली माणसे, पोटात अन्न नाही, डोक्यावर ऊन, आणि नदी हाकेच्या अंतरावर असून तिच्यापर्यंत जाता येत नाही, कारण वाट शत्रूने रोखलेली. गोळीपेक्षा तहानेने माणूस अगोदर हाय खातो, हे उन्हाळ्यात नांगरट करणाऱ्याला सांगायला नको. जखमींना गावातील एका लहानशा इमारतीत नेऊन ठेवले होते. तेथे पेशव्यांकडील अरब शिरले आणि पडलेल्या माणसांवर त्यांनी शस्त्र चालविले. विंगेट नावाचा डॉक्टर स्वतः जखमी होऊन तेथेच पडला होता, तोही मारला गेला. दुसरा डॉक्टर वायली याला औषधाची पेटी बाजूला ठेवून शिपायांच्या पुढे होऊन लढावे लागले. दोन डॉक्टर, त्यांतला एक मेला आणि दुसरा लढतो आहे, मग जखमींकडे पाहणार कोण? संध्याकाळ झाली, हल्ल्याचा जोर कमी झाला, तेव्हा कोठे नदीचे पाणी त्या माणसांच्या घशाखाली उतरले. ते पाणी ओंजळीत घेताना कोणी आणणाऱ्याची जात विचारली असेल असे मला वाटत नाही.

त्या पायदळाचे ५० शिपाई मेले आणि १०५ जखमी झाले. तोफखान्याचे व घोडेस्वारांचे मेलेले-जखमी धरून एकंदर आकडा २७५ च्या घरात गेला. पेशव्यांकडील पाच-सहाशे माणसे मेली वा जखमी झाली, असा इंग्रजांचा अंदाज आहे. तीही आपल्याच मुलखातली माणसे होती, त्यांच्याही आया घरी वाट पाहत होत्या. दुसऱ्या दिवशी रात्री स्टॉन्टनने पुण्याकडे जातो असे भासवून शिरूरची वाट धरली, आणि जेवढी वाहने मिळाली तेवढ्यांवर जखमी घालून ३ जानेवारीच्या सकाळी तो येथे परतला. लेफ्टनंट पॅटिन्सन नावाचा धिप्पाड अंमलदार अंगात गोळी शिरल्यावरही उठून लढला होता. तो येथे शिरूरलाच त्या जखमांनी वारला.

कोरेगाव ते शिरूर हे अंतर सुमारे चाळीस किलोमीटर, म्हणजे बारा-तेरा कोस. आज मोटारीने तासाभरात येतो तो रस्ता. पण मोडलेली मांडी घेऊन बैलगाडीत हा रस्ता कसा कटला असेल? चाकाखाली धोंडा आला की गाडीतल्या माणसाच्या तोंडून किंकाळी निघणार. म्हणून जखमीला न्यायचे खरे साधन डोली. बांबूला झोळीसारखे अंथरूण बांधायचे, दोघांनी पुढून व दोघांनी मागून खांदा द्यायचा, आणि बदलीला दोघांनी बरोबर चालायचे. एका डोलीला सहा माणसे. जखमींपैकी पन्नासच जणांना चालता येत नाही असे धरले, तरी तीनशे भोई लागतात! पाचशे शिपायांच्या पलटणीमागे तीनशे भोई, ही गोष्ट ध्यानात धरा. मग पखाल वाहणारा भिस्ती, घोड्याची लीद काढणारा मोतद्दार, गवत कापणारा घसारा, बैल हाकणारा गाडीवान, मेलेले ढोर ओढणारा, मैला उचलणारा, हे सर्व मोजा. लढणाऱ्या एका माणसामागे न लढणारी किती माणसे राबत होती ते दिसेल.

या माणसांना आपल्या जुन्या भाषेत नाव काय? बाजारबुणगे! आजही कोणाला हिणवायचे झाले की आपण हाच शब्द वापरतो. इंग्रजांच्या कागदांत त्यांना नुसते फौजेच्या मागून येणारे म्हणत. १८४२ सालच्या जानेवारीत काबूलहून इंग्रजांची फौज माघारी निघाली, तेव्हा शिपाई साडेचार हजार होते आणि ही मागून येणारी माणसे बारा हजार. बर्फात व कत्तलीत ती जवळजवळ सर्व गारद झाली. इतिहासात मात्र जलालाबादेस जिवंत पोहोचलेल्या एका गोऱ्या डॉक्टराचे चित्र आहे, त्या बारा हजारांचे नाही. विलायतेत तर डोलीविषयी एक गोष्टच सांगतात. लढाईनंतर डोल्या जखमींना घेऊन गेल्या, हे वाचून तिकडच्या एका बड्या वक्त्याला वाटले, की डोली ही कोणी रानटी जमात असावी आणि तिने जखमींना पळवून नेले! गोष्ट खरी असो वा खोटी, पण जो खांदा देऊन जीव वाचवीत होता तो त्या लोकांच्या हिशेबी कोण होता, हे तिच्यावरून कळते.

ही व्यवस्था मोडली म्हणजे काय होते तेही पाहा. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंद येथे इंग्रजांचा मोड झाला. त्या फौजेत मुंबईच्या पलटणी होत्या. कंदाहारापर्यंत पाऊणशे किलोमीटरच्या आसपास माघार, वाटेत पाण्याचा ठणठणाट, आणि त्या पळापळीत जखमींना उचलायची धड व्यवस्था राहिली नाही. साडेनऊशेहून अधिक मेले, आणि जखमी म्हणून परत आले ते पावणेदोनशेच्या आसपास. कोरेगावास एका मेलेल्यामागे दोन जखमी, आणि मैवंदास एका जखमीमागे पाच मेलेले. उलट झाले, कारण जो पडला त्याला उचलणारा मिळाला नाही, मग तो जखमींच्या यादीतून मेलेल्यांच्या यादीत गेला. त्याच लढाईत मागून येणारी म्हणून गणलेली ३३० हून अधिक माणसेही ठार झाली. त्यांच्या हातात ना बंदूक, ना तलवार.

त्या वेळी आगगाड्या होत्या. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन झाले. पण दौंडकर मंडळींनो, आगगाडी रणांगणापर्यंत जात नाही. रणापासून रुळापर्यंतचा जो पहिला टप्पा, ज्यात जीव जातो किंवा राहतो, तो माणसाच्या खांद्यावरच पार पडत असे. या डोलीवाल्यांची नीट पलटण बांधून तिला वैद्यकीय खात्याखाली आणायला सरकारला १९०१ साल उजाडावे लागले.

आता माझ्या कारागीर बंधूंना अभिमान वाटावा अशी एक हकीकत सांगतो. ती १७९२ च्या सुमाराची आहे, पण एकोणिसाव्या शतकातील शस्त्रवैद्यांनी तिच्यापासून धडा घेतला म्हणून येथे सांगितली पाहिजे. कावसजी नावाचा एक बैल हाकणारा मराठी मुलखातला माणूस टिपू सुलतानाविरुद्धच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर होता. म्हणजे बाजारबुणगाच. तो टिपूच्या हाती सापडला, त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे वर्षभराने त्याचे नाक पुन्हा बसविले गेले. कोणी बसविले? इंग्रज डॉक्टराने नव्हे, राजवैद्याने नव्हे. पुण्याजवळच्या विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने! दोन इंग्रज डॉक्टर ते पाहत उभे होते.

त्याची रीत ऐका. मेणाचा पातळ पत्रा करून कापलेल्या नाकावर बसवून माप घेतले. मग तो पत्रा उलगडून कपाळावर ठेवला आणि त्याच्याभोवती रेघ मारली. रेघेप्रमाणे कपाळाची कातडी सोडविली, पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक लहान पट्टी तशीच जोडलेली ठेवली, म्हणजे तिच्यातून रक्त वाहत राहावे. ती कातडी वळवून नाकाच्या जागी बसविली. टाके घातले नाहीत. विड्यात घालतो तो कात पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांना लावला आणि त्या पट्ट्यांनी सांधा धरला. पुढे तुपात भिजविलेले कापड ठेवले. पाच-सहा दिवस रोग्याला उताणे निजविले आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती जोडपट्टी कापली. १७९४ च्या ऑक्टोबरात ही हकीकत लंडनच्या एका मासिकात चित्रासह छापून आली. ती वाचून कार्प्यू नावाच्या शस्त्रवैद्याने बराच अभ्यास केला, आणि १८१४ साली लंडनमध्ये त्याच रीतीने एका लष्करी अंमलदाराचे नाक बसविले. आज जगभर जी शस्त्रक्रिया इस्पितळांत शिकविली जाते तिच्या वंशावळीत पुण्याजवळचा हा कारागीर आहे. कावसजीचे नाव छापले गेले, पाहणाऱ्या डॉक्टरांची नावे छापली गेली, करणाऱ्याची मात्र फक्त जात छापली गेली. मडक्याला आकार देणारा हात, मेण वळविणारी बोटे आणि पानाच्या चंचीतला कात, यांत विद्या नाही असे कोणी म्हणेल काय?

जखमीची काळजी ही काही साहेबाने आपल्याला शिकविलेली गोष्ट नाही. अफजलखानाच्या स्वारीनंतर, १६५९ साली, शिवाजी महाराजांनी जखमी झालेल्यांना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम दिली, आणि जे मेले त्यांच्या मुलांना चाकरीत घेतले, मुलगा नसेल तेथे बायकोला अर्धा पगार लावून दिला, असे सभासदाच्या बखरीत आहे. यात भीक नाही, हक्क आहे. जखमेचे मोल ठरलेले होते. दानधर्म करणाऱ्याची मर्जी गेली की दान थांबते, हक्क तसा थांबत नाही. या दोहोंतला फरक आपल्या चळवळीने आपल्याला शिकविला आहे, तो येथेही विसरू नका.

विलायतेत १८५४ साली क्रिमियाच्या लढाईत फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाई ३८ परिचारिका घेऊन तुर्कस्तानातील स्कुटारीच्या इस्पितळात गेल्या. गोळीपेक्षा घाण, हगवण आणि ताप हेच जास्त शिपाई मारतात, हे त्यांनी आकडे मांडून दाखविले. त्याच लढाईत जमैका बेटातील मेरी सीकोल ही काळी बाईही सेवेला जाऊ इच्छीत होती. तिला सरकारी तुकडीत घेतले नाही, तेव्हा ती स्वतःच्या खर्चाने गेली आणि शिपायांची सेवा करून आली. पुढे नाइटिंगेल बाईंनी हिंदुस्थानातील फौजेच्या आरोग्याची चौकशी तडीस लावली. १८६३ सालच्या अहवालात दिसून आले, की येथे गोऱ्या सोजिरांपैकी दर हजारी ६९ दरवर्षी मरत. उपाय काय? चांगले पाणी, गटारे, मोकळी हवा. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. जखमीला तटस्थ मानावे, त्याला उचलणाऱ्यावर हत्यार चालवू नये, हा जिनीव्हाचा करार १८६४ साली झाला.

पण ही दया आपल्या शिपायापर्यंत केव्हा पोहोचली? १८८८ च्या मार्चात कॅथरिन लॉक बाई काही परिचारिका घेऊन मुंबईस उतरल्या. हिंदुस्थानातील फौजेत शिकलेल्या नर्सबाई आल्या त्या तेव्हापासून, पण त्या गोऱ्या सोजिरांसाठी. हिंदी शिपायाचा दवाखाना त्याच्या पलटणीपुरता. तेथे अंथरूण-पांघरूण आणि खाणे पुष्कळसे त्याचे त्याने पाहायचे, आणि उशाला बसायचा तो त्याचाच सोबती. हिंदी शिपायांसाठी सरकारी धर्तीची मोठी इस्पितळे नेमायला १९१८ साल लागले. गोळी एक, रक्त एक, पण खाट वेगळी.

परदेशातही तोच प्रकार. १८९९-१९०० साली दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात गांधीजींनी सुमारे १,१०० हिंदी लोकांची जखमी वाहणारी तुकडी उभी केली. त्यांत ३०० च्या आसपास मोकळे हिंदी होते आणि ८०० मळ्यांवरचे गिरमिटे मजूर. स्पिऑन कॉपच्या लढाईत गोळ्यांच्या टप्प्यात जाऊन त्यांनी जखमी उचलले, आणि दिवसाला वीस-पंचवीस मैल डोल्या वाहिल्या. युद्ध संपल्यावर पदके मिळाली ती ३७ पुढाऱ्यांना. आठशे गिरमिट्यांचे खांदे सोलले, ते पुन्हा मळ्यांवर गेले.

बंधूंनो, यात निराशेचे कारण नाही, कारण लष्करातील ही विद्या गोरगरिबांच्या दारी आणणारी माणसे आपल्यातच झाली. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांचा मुलगा यशवंत हा एका ब्राह्मण विधवेच्या पोटचा, त्यांनी दत्तक घेतलेला. तो शिकून लष्करात डॉक्टर झाला. १८९७ साली पुण्यात प्लेग भडकला, तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडविला. सरकारच्या सक्तीच्या इस्पितळांना लोक भीत होते, सावित्रीबाईंना कोणी भ्याले नाही. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका प्लेगच्या मुलाला त्यांनी स्वतःच्या पाठीवर घालून त्या दवाखान्यात आणले, आणि त्यातच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. सहा भोयांची डोली नव्हती, एक सासष्टीची बाई होती. हिला बाजारबुणगी म्हणणार काय?

आता आपल्याकडे वळतो. आज पुणे-नगर रस्त्यावर अपघात होतात, दौंडच्या सोलापूर रस्त्यावर होतात, उसाच्या ट्रॉलीखाली माणसे सापडतात. आपण काय करतो? भोवती कडे करून उभे राहतो. कोणी म्हणतो पोलिसाचे लचांड नको, कोणी विचारतो माणूस कोणाचा, कोणत्या गावचा. पोलिसाची भीती आता धरू नका. २०१९ सालच्या मोटार कायद्याच्या दुरुस्तीने जखमीला सद्बुद्धीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे, आणि त्याला नाव सांगायचीही सक्ती नाही. २०१४ पासून आपल्या राज्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका येते. ती येईपर्यंतचा वेळ आपला आहे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके घडी करून जोराने दाबून धरा आणि उचकून पाहू नका. जखमेत हळद, चुना, राख, तंबाखू कोंबू नका. मानेला वा पाठीला मार असेल तर हातापायांना धरून ओढू नका. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासात जाते. एवढे प्रत्येक गावातील दहा तरुणांनी व दहा बायांनी शिकून घेतले, तर पुष्कळ घरांचे कुंकू राहील.

दुसरे मागणे आपल्या घरांकडे आहे. इस्पितळात जी मुलगी जखम धुते, जो वॉर्डबॉय मलमूत्र काढतो, जी बाई फरशी पुसते, त्यांच्याकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो? पुष्कळांना ठेकेदाराच्या हाताखाली तुटपुंज्या पगारावर राबावे लागते. रोगी बरा झाला की पेढे डॉक्टराला, आणि यांना नावही विचारत नाही. आपल्या मुली नर्स व्हायचे म्हणतात तेव्हा घरचे नाक मुरडतात, असले काम आपल्यात करीत नाहीत म्हणून. ज्या समाजाच्या आजे-पणज्यांनी डोल्या वाहिल्या, पखाली वाहिल्या, त्याने तरी हे बोलू नये. मुलींना पाठवा, त्यांना पुरता पगार मिळावा म्हणून भांडा, आणि सफाईवाल्याला आहो-जाहो करा.

आणि १ जानेवारीला जे कोरेगावास जातील, त्यांनी स्तंभावरील नावे वाचून झाल्यावर एकदा नदीकडे तोंड करून उभे राहावे. त्या रात्री तेथून शिरूरपर्यंत ज्यांनी ज्यांनी जखमींना आणले, त्यांनाही एक नमस्कार करावा, एवढी माझी विनंती आहे.